केपीपीपीवरून डायल-अप: तारेपासून ब्राउझरपर्यंत

डायल-अप, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेट, लावताना नवखा माणूस आधी केपीपीपी (लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपवरचा, अशी जोडणी करून देणारा प्रोग्रॅम) उघडतो, नंबर, नाव, पासवर्ड भरतो आणि ‘कनेक्ट’ दाबतो. अडलं की दिसेल तो पर्याय बदलत सुटतो, आणि तासाभरात आधी बरोबर असलेलंही बिघडवून बसतो. ही जोडणी खालून वर बांधायची असते: आधी तार, मग मोडेम (संगणकाचा डेटा आवाजाच्या रूपात फोनच्या तारेवर घालणारा डबा), मग फोन लागणं, मग पीपीपीची, म्हणजे त्या तारेवर दोन संगणकांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीची, बोलणी, आणि सगळ्यात शेवटी पत्ते आणि नावं. प्रत्येक टप्पा पुरा झाल्याची एक खूण असते. ती दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पुण्यात एकेकाळी बीएसएनएलच्या संचारनेट या इंटरनेट सेवेचा १७२२३३ फिरवला की काम व्हायचं. आता तसा नंबर शोधत बसण्यात अर्थ नाही, आणि फायबर आल्यापासून तांब्याची जोडीही कमी घरांत उरली आहे. फायबरच्या डब्याला फोनचं सॉकेट असतं खरं, पण तिथे आवाज पाकिटांतून, म्हणजे डेटाच्या सुट्या तुकड्यांतून, जातो. एखादं पाकीट उशिरा आलं तर बोलणाऱ्या माणसाला कळत नाही, मोडेमची जोडणी मात्र डळमळते किंवा तुटते. म्हणून इथे दोन्ही टोकं आपल्याच टेबलावर ठेवली आहेत. एका बाजूला केडीई डेस्कटॉप असलेला जुना संगणक, दुसऱ्या बाजूला ‘प्रोव्हायडर’ची, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीची, भूमिका करणारा संगणक, आणि मध्ये छोट्या ऑफिसात असतो तसला इंटरकॉम. जुनं यंत्र चालतं ठेवायचं असेल किंवा वर्गात नेटवर्क शिकवायचं असेल, तर याहून चांगला प्रयोग नाही. तुमच्याकडे बाहेरचा चालू नंबर असेल तर ‘दुसरं टोक’ हा भाग सोडा. बाकी सगळं तसंच लागू आहे.

आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत आणि साध्या इंग्रजी आकड्यांत टाइप करा. लिनक्सला लहान आणि मोठं अक्षर वेगळं वाटतं. ‘टीटीवायएस०’ मध्ये टी, टी, वाय लहान आणि एस मोठा, हे विसरू नका.

सामान

मोडेम दोन हवेत, आणि शक्यतो बाहेरचे, सिरियल पोर्टाला लागणारे. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारलीत तर असे डबे अजून दिसतात. मोडेमबरोबर त्याचाच अडॅप्टर मिळतो का ते बघा. जुन्या बाहेरच्या मोडेमपैकी बऱ्याच जणांना एसी ते एसी अडॅप्टर लागतो, म्हणजे बाहेर पडणारा विद्युतप्रवाहही एसीच. पिन बसली म्हणून राउटरचा डीसी अडॅप्टर लावू नका. मोडेमच्या बुडाशी छापलेले व्होल्ट आणि एसी-डीसीची खूण वाचा, अडॅप्टरवरची वाचा, दोन्ही जुळली तरच लावा.

संगणकाच्या पीसीआय स्लॉटमध्ये बसणारी स्वस्त कार्डं टाळा. त्यातली बहुतेक ‘विनमोडेम’ असतात: मोडेमचं खरं काम कार्डावरची चिप करत नाही, ते संगणकाच्या प्रोसेसरवर सॉफ्टवेअरने ढकललेलं असतं. ते सॉफ्टवेअर ठरावीक कर्नलपुरतंच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या ठरावीक आवृत्तीपुरतंच, मिळतं. पहिल्यांदा शिकताना ही झटापट नको. यूएसबी मोडेम घेणार असाल तर तो ‘सीडीसी एसीएम’ या ठरलेल्या पद्धतीचा आहे का ते पाहा; तसा असेल तर ड्रायव्हर न टाकताच तो ‘टीटीवायएसीएम०’ नावाने दिसतो.

तारा आणि आरजे-११ची, म्हणजे फोनच्या तारेची, टोकं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतील. बाहेरच्या मोडेमला बहुधा २५ पिनांचं सॉकेट असतं आणि संगणकाला ९ पिनांचं, त्यामुळे ९ ते २५ अशी सरळ मोडेम केबल मागा. दोन संगणक एकमेकांना जोडायची ‘नल मोडेम’ केबल दिसायला अगदी तशीच असते, पण तिच्यात तारा उलटसुलट जोडलेल्या असतात. ती इथे चालत नाही. संगणकाला सिरियल पोर्टच नसेल तर यूएसबी ते सिरियल अडॅप्टर चालतो, मग पोर्टाचं नाव ‘टीटीवाययूएसबी०’.

सॉफ्टवेअरसाठी डेबियन ७ सोयीचं आहे. त्याच्या पॅकेजांमध्ये केडीई ४ आणि केपीपीपी दोन्ही आहेत, आणि डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहातून ते आजही उतरवता येतं. नोम डेस्कटॉप आवडत असेल तर नोम-पीपीपी घ्या. ते आतून डब्ल्यूव्हीडायल वापरतं. खिडक्या वेगळ्या, पण दोन्हीकडे शेवटी काम करतो तो पीपीपीडीच, म्हणजे पार्श्वभूमीत चालणारा पीपीपीचा प्रोग्रॅम.

तार आणि टोन

इंटरकॉमच्या दोन एक्स्टेन्शनना दोन साधे फोन लावा. समजा ती २१ आणि २२ आहेत. २१ वरून २२ फिरवा, बोला, ऐका. खरखर येत असेल तर आत्ताच टोकं बदला. कानाला जी बारीक खरखर चालून जाते तीच मोडेमचा वेग अर्ध्यावर आणते. मग २१ चा फोन काढून त्याच जागी मोडेम लावा. मोडेमच्या मागे दोन सॉकेट असतात, ‘लाइन’ आणि ‘फोन’. भिंतीकडून आलेली तार ‘लाइन’मध्येच जायला हवी. घंटी वाजताना या तारेत चांगला झटका बसेल इतका एसी व्होल्टेज असतो, तेव्हा उघड्या टोकांना हात लावून तार सोलत बसू नका.

एक गोष्ट आताच पक्की करू. बहुतेक मोडेम अमेरिकी डायल टोन ओळखायला बनवलेले असतात, तो ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन सुरांचा. आपल्याकडचा ४०० हर्ट्झच्या आसपासचा, आणि छोट्या इंटरकॉमचा तर प्रत्येक कंपनीचा निराळा. त्यामुळे फोनवर टोन स्वच्छ ऐकू येत असतानाही मोडेम ‘नो डायलटोन’ म्हणतो. यात तारेचा दोष नसतो. उपाय पुढे आहे.

पोर्ट आणि परवानगी

डॉसमधला कॉम१ म्हणजे लिनक्सचा टीटीवायएस०, कॉम२ म्हणजे टीटीवायएस१. टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज’ (डी, एम, ई, एस, जी एवढीच अक्षरं) आज्ञा देऊन त्यात ‘टीटीवायएस’ शोधा. ओळीच्या शेवटी ‘१६५५०ए’ दिसलं तर उत्तम: त्या चिपला १६ बाइटचा साठा असतो, त्यामुळे पोर्टाचा वेग सेकंदाला ११५२०० बिट ठेवता येतो. ‘८२५०’ किंवा ‘१६४५०’ दिसलं तर तो साठा नाही. संगणक क्षणभर दुसऱ्या कामात गुंतला की अक्षरं गळतात. तिथे ३८४०० पासून सुरुवात करा.

आता परवानगी. पोर्ट ‘डायलआउट’ या गटाच्या मालकीचा असतो आणि पीपीपीडी चालवायची मुभा ‘डिप’ गटाला. तुमचं नाव दोन्ही गटांत घाला आणि मग लॉग आउट करून पुन्हा आत या. गटाचा बदल चालू सत्राला कळत नाही. सगळं बरोबर करूनही ‘मोडेम उघडता येत नाही’ असा संदेश येतो तेव्हा बहुतेकदा हेच राहिलेलं असतं.

मोडेमशी बोलणं

केपीपीपी उघडा, ‘कॉन्फिगर’ दाबा, ‘मोडेम्स’ पानावर नवा मोडेम तयार करा. डिव्हाइस तुमचा पोर्ट, फ्लो कंट्रोल ‘सीआरटीएससीटीएस’ म्हणजे हार्डवेअरचा, वेग ११५२००. तारेवर प्रत्यक्ष वेग ३३६०० असला तरी पोर्ट जास्त वेगाचा ठेवतात, कारण मोडेम वाटेत मजकूर आकसतो आणि उलगडतो. उलगडलेला मजकूर जायला पोर्ट मोठा हवा. लॉक फाइलची टिक राहू द्या. तुमचा पोर्ट यादीत नसेल तर ‘डेव्ह’ फोल्डरात ‘मोडेम’ नावाची दुवा-फाइल करून ती पोर्टाकडे वळवा आणि यादीतून ती निवडा. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ही दुवा-फाइल नाहीशी होते, ती परत करावी लागते.

दुसऱ्या टॅबवर ‘टर्मिनल’ नावाचं बटण आहे. नवख्या माणसाला केपीपीपीतलं सगळ्यात उपयोगी बटण हेच. ते दाबा आणि ‘एटी’ लिहून एंटर मारा. ‘ओके’ उमटलं की मोडेम, केबल, पोर्ट आणि परवानगी या चारही गोष्टी एका झटक्यात सिद्ध झाल्या. काहीच उमटलं नाही तर पोर्ट चुकला किंवा केबल चुकली. अक्षरं उमटतात पण ‘ओके’ नाही, तर मोडेम कुठल्यातरी जुन्या सेटिंगमध्ये अडकला आहे. ‘एटी’, मग अँडचं चिन्ह, मग ‘एफ’ लिहून त्याला कारखान्यातल्या मूळ स्थितीला आणा.

आता इथूनच हाताने फोन लावा. ‘एटीएक्स३’ लिहा, एंटर. एक्स३ म्हणजे डायल टोनची वाट पाहू नकोस, पण समोरचा फोन व्यग्र असेल तर सांग. मग ‘एटीडीटी२२’. २२ वर अजून साधा फोनच ठेवा. तो वाजला पाहिजे. उचला, मोडेम बारीक आवाजात हाका मारताना ऐकू येईल. फोन वाजला म्हणजे तिसरा टप्पाही झाला. डीटी म्हणजे टोन पद्धत. अगदी जुना इंटरकॉम फक्त पल्स ओळखत असेल तर ‘एटीडीपी’. बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य लागत असेल तर शून्यानंतर स्वल्पविराम द्या: प्रत्येक स्वल्पविरामाला मोडेम साधारण दोन सेकंद थांबतो.

टर्मिनल बंद करा. ते उघडं राहिलं तर पोर्ट त्याच्याच ताब्यात राहतो. मग त्याच पानावर ‘डायल करण्याआधी टोनची वाट पाहा’ अशा अर्थाची टिक काढा. केपीपीपी एक्स३ आपणहून पाठवू लागेल. ‘मोडेम कमांड्स’मध्ये ‘एटीझेड’ आधीच असतं, ते ठेवा. स्पीकरचा आवाज शून्यावर नेऊ नका. तो आवाज पुढे फार उपयोगी पडतो.

दुसरं टोक

प्रोव्हायडरच्या भूमिकेतल्या संगणकावर ‘एमगेटी’ हे मोडेमवर आलेला फोन उचलणारं पॅकेज टाका. डेबियन ७ च्या ‘इनिटटॅब’ फाइलीत एमगेटीची एक ओळ नमुन्यादाखल असतेच, पुढे हॅश चिन्ह लावून झाकलेली. हॅश काढा, ओळीच्या शेवटचा टीटीवायएस३ बदलून आपला पोर्ट लिहा, आणि ‘इनिट क्यू’ आज्ञा द्या. एमगेटीच्या ‘लॉगिन.कॉन्फिग’ फाइलीत ‘ऑटोपीपीपी’ने सुरू होणारी ओळही तशीच झाकलेली मिळेल. तिचा हॅश काढा आणि तिच्यातला ‘लॉगिन’ हा शब्द काढून टाका, म्हणजे नाव आणि पासवर्ड एकाच फाइलीतून तपासले जातील. फोन उचलल्यावर पलीकडून पीपीपीची पाकिटं आली की एमगेटी ती ओळखून पीपीपीडी सुरू करतो.

नाव-पासवर्डाची ती फाइल म्हणजे ‘पॅप-सीक्रेट्स’ (पॅप ही पीपीपीत नाव-पासवर्ड तपासायची पद्धत). एका ओळीत चार रकाने: नाव, तारकाचिन्ह, पासवर्ड, आणि पुन्हा तारका किंवा द्यायचा पत्ता. चौथा रकाना रिकामा सोडायचा मोह होतो. सोडलात तर नाव-पासवर्ड बरोबर असूनही पीपीपीडी ‘हा पत्ता वापरायची परवानगी नाही’ म्हणून फोन ठेवतो. पोर्टाच्या नावाच्या ऑप्शन्स फाइलीत १९२.१६८.५०.१, मग अपूर्णविराम, मग १९२.१६८.५०.२ असं सलग लिहा. पहिला पत्ता याचा, दुसरा येणाऱ्याचा. खाली ‘एमएस-डीएनएस’ आणि घरच्या राउटरचा पत्ता (डीएनएस म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी सेवा). पुढे इंटरनेटही द्यायचं असेल तर या संगणकावर आयपी फॉरवर्डिंग चालू करून आयपीटेबल्सने मास्करेड लावावं लागेल, म्हणजे येणाऱ्याची पाकिटं या संगणकाच्या पत्त्याने बाहेर जातील. तोवर ते नसलं तरी जोडणी पूर्ण होते.

केपीपीपीतलं खातं

‘अकाउंट्स’ पानावर नवं खातं, आणि मदतनीस न घेता हाताने भरायचा पर्याय. मदतनीसात देशोदेशीच्या जुन्या प्रोव्हायडरांची यादी आहे, तिचा आपल्याला उपयोग नाही. नाव काहीही, नंबर २२, ऑथेंटिकेशन ‘पॅप’. स्क्रिप्ट आणि टर्मिनलवाले पर्याय पलीकडचा संगणक लॉगिन शब्द विचारतो तेव्हाचे. आयपी ‘डायनॅमिक’. गेटवेच्या पानावर ‘डिफॉल्ट रूट (पाकिटांची बाहेर जायची नेहमीची वाट) या गेटवेला द्या’ ही टिक हवीच. डीएनएस ऑटोमॅटिक, आणि ‘जोडणी असेपर्यंत आधीचे सर्व्हर बंद ठेवा’ हेही चालू करा. अकाउंटिंगच्या पानावर फोनबिलाचा हिशोब ठेवायची सोय आहे; मिनिटामिनिटाला पैसे पडायचे त्या काळी ती मोलाची होती, इंटरकॉमवर लागत नाही.

मुख्य खिडकीत नाव आणि पासवर्ड भरा, ‘शो लॉग विंडो’ला टिक करा. २२ वर आता दुसरा मोडेम लावा. आणि दाबा ‘कनेक्ट’.

कनेक्ट दाबल्यावर

कान द्या. आकडे फिरतात, एक-दोन घंट्या, मग पलीकडून २१०० हर्ट्झचा सलग सूर. समोर माणूस नसून मोडेम आहे याची ही खूण. त्यानंतर किणकिण आणि फसफस: दोन्ही मोडेम तार किती पेलते ते मोजतात. आवाज थांबतो, बाहेरच्या मोडेमवर ‘सीडी’ (कॅरियर डिटेक्ट, म्हणजे पलीकडचा मोडेम जोडला गेल्याची खूण) दिवा लागतो, लॉगमध्ये ‘कनेक्ट’ येतं. फसफस दोन-तीनदा नव्याने सुरू होत शेवटी ‘नो कॅरियर’ आलं तर तार पुन्हा तपासा. घंटी वाजत राहिली आणि सूर आलाच नाही तर एमगेटी चालू नाही.

‘सीडी रेषेची स्थिती कळत नाही’ अशा अर्थाची तक्रार आली तर केबलमध्ये ती तार जोडलेली नाही. मोडेमच्या पानावरची सीडी रेषेची टिक काढा.

यापुढे अडलं तर खिडकी म्हणते ‘पीपीपीडी अनपेक्षितपणे बंद पडला’ आणि खाली एक क्रमांक देते. तो क्रमांक वाचल्याशिवाय खिडकी बंद करू नका, निम्मं उत्तर त्यात असतं. २ म्हणजे एखादा पर्याय चुकीचा लिहिला आहे. ३ म्हणजे पीपीपीडीला ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याचे अधिकार नाहीत. ४ म्हणजे कर्नलमध्ये पीपीपी नाही, मॉड्यूल चढवा. ६ ला पोर्टावर कुणाचातरी लॉक आहे, बहुधा उघडं राहिलेलं टर्मिनल. १० म्हणजे बोलणी फिसकटली: फोन लागला, पण पलीकडे पीपीपी बोलणारं कुणी भेटलं नाही. १६ म्हणजे फोन तुटला. १७ म्हणजे आपलीच पाकिटं परत येताहेत. पलीकडे साधा लॉगिन प्रॉम्प्ट उभा आहे आणि तो प्रत्येक अक्षर प्रतिध्वनीसारखं परत पाठवतो, म्हणजे ‘ऑटोपीपीपी’ची ओळ चुकली. १९ म्हणजे आपलं नाव-पासवर्ड पलीकडे पटलं नाही.

११ ची गंमत वेगळी. इथे आपला संगणक पलीकडच्याकडे ओळखपत्र मागतो आणि तो देत नाही. प्रोव्हायडर कधीच देत नसतो. मूळ ‘ऑप्शन्स’ फाइलीत ‘ऑथ’ हा शब्द असतो, त्यामुळे हे होतं. त्यापुढे हॅश लावा किंवा खात्यातल्या ‘पीपीपीडी आर्ग्युमेंट्स’मध्ये ‘नोऑथ’ घाला. कारण तरीही सापडेना तर त्याच यादीत ‘डीबग’ घाला. लॉगमध्ये दोन्ही बाजूंची प्रत्येक मागणी आणि नकार ओळीने दिसू लागेल.

जोडलं, पण पान उघडत नाही

ब्राउझर बाजूला ठेवा. आधी १९२.१६८.५०.१ ला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते तपासा. उत्तर आलं की पीपीपी ठीक. मग बाहेरचा एखादा आयपी पत्ता. तिथे अडलं तर ‘रूट -एन’ (आर, ओ, यू, टी, ई) बघा. सर्वांत जास्त आढळणारा दोष असा: संगणकाला नेटवर्कची केबलही लावलेली असते आणि डिफॉल्ट रूट आधीच तिच्याकडे असतो. पीपीपीडी असलेला डिफॉल्ट रूट आपणहून बदलत नाही, लॉगमध्ये तसं लिहून गप्प बसतो. केबलचा इंटरफेस बंद करून पुन्हा फोन लावा. रूट बरोबर असेल तर पलीकडचं मास्करेड राहिलं आहे. पत्त्याला पिंग होतं पण नावाला नाही, तर ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ फाइलीत नेमसर्व्हर आला का ते पाहा.

वेग

दोन्ही टोकं अशी अ‍ॅनालॉग असताना ३३६०० च्या वर जाता येत नाही. मोडेमवर ५६के छापलेलं असलं तरी तो वेग, म्हणजे १९९८ चा व्ही.९० आणि नंतरचा व्ही.९२, पलीकडचं टोक थेट डिजिटल लाइनवर असेल तरच मिळतो, तोही उतरवताना. लॉगमध्ये ‘कनेक्ट ११५२००’ दिसलं तर फसू नका, तो पोर्टाचा वेग आहे. अनेक मोडेममध्ये ‘एटीडब्ल्यू२’ दिल्यावर तारेवरचा खरा आकडा येतो. ३३६०० ला सेकंदाला चार किलोबाइटच्या आसपास मिळतात, म्हणजे एक मेगाबाइटला साधारण सव्वाचार मिनिटं. आजची पानं यात बसत नाहीत, शिवाय कॉन्करर या केडीईच्या जुन्या ब्राउझरला आजचं एचटीटीपीएस बहुधा उमगत नाही. लिंक्ससारखा फक्त मजकूर दाखवणारा ब्राउझर, मेल, दूरच्या संगणकावर एसएसएच, यांना हा वेग पुरतो. एसएसएचमध्ये टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटत असेल तर ‘पीपीपीडी आर्ग्युमेंट्स’मध्ये ‘एमटीयू’ आणि ‘एमआरयू’ (पाठवायच्या आणि घ्यायच्या पाकिटाचा कमाल आकार) दोन्ही २९६ करा. १५०० बाइटचं एक पाकीट या तारेवर एक तृतीयांश सेकंदाहून जास्त वेळ घेतं, आणि तुमचं अक्षर त्याच्या मागे रांगेत उभं असतं.

काम झालं की ‘डिस्कनेक्ट’ दाबून ‘ओएच’ (मोडेमने फोन उचललेला असल्याची खूण) दिवा विझल्याची खात्री करा. तो पेटलेला असेल तर एक्स्टेन्शन अडकलेलं आहे, मोडेमचा स्विच बंद करून चालू करा. आणि मे महिन्यात वळवाचे ढग जमायला लागले की मोडेमची फोनची तार आणि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवा. नुसता स्विच बंद केल्याने भागत नाही: वीज तारेतून येते, आणि मोडेमपाठोपाठ सिरियल पोर्टही घेऊन जाते.